जर्नलातलं ०.६८

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

जून लागला की तुमच्या पेपरात ॲडमिशनच्या जाहिराती सुरू होतात आणि मी रिटायर माणूस, सकाळी घरापुढच्या बाल्कांवात बसून पाव-भाजीबरोबर त्या सगळ्या वाचून काढतो. यंदा घरी येणाऱ्या प्रत्येक पालकाचा एकच प्रश्न, सर, आता चार वर्षांची डिग्री आली, त्यानंतर एम.एस्सी. एकाच वर्षात होणार म्हणतात, ते चांगलं की जुनं दोन वर्षांचं चांगलं? मी बत्तीस वर्षं हायर सेकंडरीला फिजिक्स शिकवलं, त्यामुळे लोकांना वाटतं मला यातलं कळतं. मला एवढंच कळतं की एक वर्ष की दोन हे नंतर बघू, त्या वर्षात फिजिक्सच्या लॅबमध्ये काय चालतं ते आधी बघा. कारण तिथे जे चालतं ते मी स्वतः केलंय, आणि पस्तीस वर्षांनी माझ्या भाच्यानेही तेच केलं.

माझं सांगतो. गोव्यात स्वतःची युनिव्हर्सिटी झाली १९८५ ला, त्याच सुमारास मी एम.एस्सी.ला होतो पण इथे नाही, घाटावर. कुठे ते सांगत नाही, तिथले सर चांगले होते आणि दोष एकट्या त्यांचा नव्हता. दुसऱ्या वर्षाला एक प्रॅक्टिकल होतं, फोर प्रोब मेथडनं जर्मेनियमचा बँड गॅप काढणे, म्हणजे त्यातला अडकलेला इलेक्ट्रॉन सुटून करंट वाहायला किती ऊर्जा लागते ते. ज्यांनी फिजिक्स केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जर्मेनियमचा एक छोटासा तुकडा, त्यावर एका रेषेत चार सुया टेकवलेल्या, बाहेरच्या दोन सुयांतून करंट सोडायचा, आतल्या दोन सुयांमधलं व्होल्टेज मोजायचं, आणि हे सगळं छोट्या ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवत न्यायचं. तापत गेलं की धातूचा रेझिस्टन्स वाढतो, जर्मेनियमचा उलटा घसरतो. त्या रेझिस्टन्सचा लॉग काढून एक भागिले केल्विनमधलं तापमान याच्याशी ग्राफ मांडला की सरळ रेघ येते आणि रेघेच्या उतारावरून बँड गॅप निघतो. पुस्तकात आकडा दिलेला असतो ०.६७ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं छोटं माप).

माझा आला ०.७७.

पुन्हा केलं, ०.७६. तिसऱ्यांदा ओव्हन गार होईपर्यंत थांबलो, जेवायला पण गेलो नाही, आणि परत ०.७८. सरांना दाखवलं तर म्हणाले कॉन्टॅक्ट लूज असेल, रिपीट कर. पार्टनर म्हणाला वेडा आहेस का, सिनियरचं जर्नल (प्रॅक्टिकलची वही) आण. मग आम्ही जे सगळे करतात ते केलं, ०.६८ वरून उलटं गणित करत मागे गेलो, प्रत्येक तापमानाला किती व्होल्टेज यायला पाहिजे होतं ते काढलं, दोन पॉइंट मुद्दाम रेघेच्या जरा बाहेर ठेवले खरे वाटावेत म्हणून (हेसुद्धा सिनियरनेच शिकवलेलं), पर्सेंटेज एरर लिहिला १.४९, आणि खाली सही मिळाली, गुड.

पुढे दहा-बारा वर्षांनी बारावीला सेमीकंडक्टरचा धडा शिकवायच्या आदल्या रात्री सहज वाचत होतो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जर्मेनियमचा बँड गॅप म्हणजे काही दगडावर कोरलेला आकडा नाही, तापमान वाढलं की तो थोडा थोडा कमी होत जातो, आणि ०.६७ ही झाली खोलीच्या तापमानाची किंमत. पण आपण ग्राफच्या उतारावरून जो आकडा काढतो तो खोलीच्या तापमानाचा नसतोच मुळी! तीच सरळ घट मागे थेट शून्य केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २७३ अंशांपर्यंत, ओढत नेली तर जो येईल तो आकडा उतार देतो, आणि तो येतो ०.७८ च्या आसपास. म्हणजे त्या खटारा ओव्हनमध्ये मी काढलेला ०.७७ बरोबर होता. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मी स्वतःच्या हातानं केलेलं ते एकच खरं फिजिक्स असेल, आणि तेच मी खोडरबरनं पुसलं, वर गुड मिळवलं.

दोन-तीन वर्षांमागे भाचा एम.एस्सी.ला होता. कॉलेज वेगळं, मीटर आता डिजिटल, ग्राफ एक्सेलमध्ये. त्याचा पहिला आकडा ०.७६. मी फोनवर ऐकलं आणि खुर्चीतून उठलोच, म्हटलं तसाच ठेव, कारण लिही. तो म्हणाला मामा, सबमिशन उद्या आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ आलीय. जर्नलात ०.६८ गेलं.

मी पोरांना चोर म्हणत नाहीये, ते आधीच सांगतो. पोरं हिशेबी असतात, जिथे मार्क तिथे ती जाणार. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, सकाळी दहाला येतो, त्याला दुपारची बस पकडायची असते, समोर पंचवीस-तीस पोरं, प्रत्येकाला पाच मिनिटं. तो विचारणार काय, तर स्टँडर्ड व्हॅल्यू किती, तुझी किती आली, एरर किती. बरोबर आकड्याला मार्क असतील तर बरोबर आकडाच येणार, मशीन बंद असलं तरी येणार. आमच्या वेळी एका बॅचनं तर फ्यूज उडालेल्या सेटअपवर पूर्ण प्रॅक्टिकल केलं होतं, कुणाला कळलंसुद्धा नाही.

मग हाच पोरगा पुढे जातो. नेट-जेआरएफचा, म्हणजे रिसर्चची शिष्यवृत्ती मिळवून देणाऱ्या परीक्षेचा, अभ्यास सुरू होतो म्हणजे एम.एस्सी.चं दुसरं वर्ष संपलंच समजा. सीएसआयआरची ती परीक्षा २०० मार्कांची, तीन तास, पर्यायांवर क्लिक करायचं, चुकलं की मार्क कापले जातात. वाईट परीक्षा आहे असं मी म्हणणार नाही, पार्ट सी मध्ये चांगले प्रश्न असतात, डोकं लागतं. आणि पोरं तिच्या मागे का लागणार नाहीत, जेआरएफ मिळाली की २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात, न मिळाली तर पीएच.डी. करायची म्हणजे बापाच्या पेन्शनवर किंवा कुठेतरी लेक्चर बेसिसवर तास घेत घेत. २०२४ च्या जूनमध्ये ती परीक्षा चार-पाच दिवसांवर असताना पुढे ढकलली आणि जुलैच्या शेवटी घेतली, तेव्हा आमच्या गल्लीतली एक मुलगी महिनाभर नीट जेवली नाही. पण चार पर्यायांतून एक निवडण्यात हुशार झालेला माणूस, ज्याला पर्यायच दिलेले नाहीत अशा प्रश्नापुढे बसवला तर काय करतो? तो पर्याय शोधतो. सिनियरची पीडीएफ शोधतो.

पीएच.डी.चं कोर्सवर्क बघा. यूजीसीनं, म्हणजे युनिव्हर्सिट्यांचे नियम ठरवणाऱ्या आयोगानं, २००९ मध्ये ते कम्पल्सरी केलं, २०२२ च्या नियमांत किमान १२ क्रेडिट आहेत. कल्पना चांगली. त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स नावाचा दोन क्रेडिटचा पेपर आहे, खोटा डेटा बनवू नये, दुसऱ्याचं चोरू नये वगैरे. भाच्याच्या एका मित्रानं सांगितलं की तो पेपर त्यांना पीपीटीवर शिकवला आणि शेवटी एमसीक्यू (पर्यायांवर टिक करायची परीक्षा) घेतली. म्हणजे बी.एस्सी.पासून पाच वर्षं रीडिंग शिजवायची सवय लावायची आणि मग सहाव्या वर्षी स्लाइडवर लिहून दाखवायचं की हे पाप आहे. २०२२ मध्ये थिसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीनं काढली ते मात्र बरं झालं, त्या अटीमुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या रिसर्च जर्नलवाल्यांचं फावलं होतं.

इथे मला कोसंबी आठवतात. दामोदर धर्मानंद कोसंबी, १९०७ साली आपल्या गोव्यात जन्मलेले, त्यांच्या नावानं पणजीत व्याख्यानं होतात आणि आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून ऐकायला जातो. माणूस गणिती, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये भाभांबरोबर होता. पण जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी किती काळ चलनात फिरली असतील हे काढायला त्यांनी काय केलं, तर हजारो नाणी एक एक करून तराजूवर तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन कमी होतं हे कुणीही सांगेल, पण त्यांनी बघितलं की नुसतं सरासरी वजन कमी होत नाही तर नाण्यानाण्यांतला फरकही वाढत जातो, कारण प्रत्येक नाणं वेगळ्या नशिबानं झिजतं. आता विचार करा, त्यांनी सरासरीपासून लांब असलेली वजनं 'एरर' म्हणून खोडली असती तर? जे शोधायचं होतं ते त्या फरकातच होतं. आपल्या लॅबमध्ये त्यांना म्हटलं असतं, कोसंबी, तुमचे पॉइंट रेघेवर नाहीत, रिपीट करा.

उपाय काय, असं तुम्ही विचाराल. पैसे हा माझ्या यादीत पहिला नाही. हो, मशिनं जुनी आहेत, सगळीकडेच आहेत. माझं पहिलं मागणं एवढंच की एम.एस्सी.च्या निम्म्या प्रॅक्टिकलचं उत्तर शिक्षकालाही माहीत नसावं.

एक उदाहरण देतो, आमच्या घरचं आहे. भाच्याला नोकरी लागेपर्यंत वेळ होता तेव्हा त्यानं ऑनलाइन मिळणारं गायगर काउंटरचं (रेडिओॲक्टिव्हिटी मोजायच्या यंत्राचं) किट मागवलं, चार-पाच हजारांचं. मी कुठेतरी वाचलं होतं की पावसाचं ताजं पाणी किंचित रेडिओॲक्टिव्ह असतं. घाबरू नका, छत्री घ्यायची ती भिजू नये म्हणूनच. जमिनीत, दगडात सगळीकडे थोडंसं युरेनियम असतं, त्यातून रेडॉन नावाचा गॅस हवेत येतो, त्या गॅसची पुढची पोरंबाळं, म्हणजे तो फुटून बनणारे अणू, धुळीला चिकटतात, आणि पाऊस ती धुऊन खाली आणतो. त्यांचं अर्धआयुष्य (निम्मे अणू संपायला लागणारा वेळ) वीस-पंचवीस मिनिटांचं, म्हणजे एका दुपारी बसून मोजता येईल असं. करायचं काय, तर पाऊस थांबला की गाडीचं बॉनेट टिश्यू पेपरनं पुसायचं आणि तो कागद लगेच काउंटरच्या ट्यूबला लावून दर मिनिटाचे काउंट लिहायचे.

जुलैत केलं. धो धो पाऊस, आमच्या साखळी गावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, वाळवंटी नदी रस्त्यावर यायची तेवढी बाकी. पुसलं, लावलं, आणि काही नाही. मिनिटाला वीस-बावीस काउंट, म्हणजे एरवी जेवढे येतात तेवढेच. चार वेळा केलं. भाचा म्हणाला मामा, फेल. मी म्हटलं लिहून ठेव, खोडायचं नाही, ०.७७ चं एकदा झालं ते पुरे. वहीवर तारीख घातली, वेळ घातली, वारा कुठून ते लिहिलं. मग ऑक्टोबरमध्ये दसऱ्यानंतर एका संध्याकाळी घाटाकडून ढग आले, गडगडाट झाला, अर्धा तास पाऊस पडला आणि आम्ही दोघं अंधारात टॉर्च घेऊन गाडी पुसायला धावलो, बायको म्हणाली दसरा झाला, आता परत गाडीची पूजा करा. कागद लावला आणि काउंटर असा कडकडायला लागला की शेजारचा विचारायला आला काय झालं. दीड-दोन तासांत हळूहळू उतरत परत वीस-बावीसवर.

आता जुलैत का नाही आणि ऑक्टोबरमध्ये का? रेडॉन येतो जमिनीतून, समुद्रातून जवळपास नाहीच. त्याचं स्वतःचं अर्धआयुष्य चार दिवसांहून थोडं कमी. जुलैचा वारा अरबी समुद्रावरून दिवसचे दिवस प्रवास करत येतो, तोवर त्यातला रेडॉन संपत आलेला असतो. ऑक्टोबरची हवा येते जमिनीवरून. म्हणजे आमचं जुलैचं 'फेल' हेच अर्धं उत्तर होतं! ते चार कोरडे आकडे वहीत नसते तर ऑक्टोबरच्या कडकडाटाला काही अर्थच नव्हता. अर्थात आमचे रीडिंग मूठभर, एवढ्यावर मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही, टिश्यूला पाणी किती लागलं हेसुद्धा आम्ही नीट मोजलं नव्हतं. पण एखाद्या एम.एस्सी.च्या बॅचनं जूनपासून नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक पावसाला हे केलं, पोईसनचं स्टॅटिस्टिक्स (अवचित येणाऱ्या काउंटांचं गणित) त्यावर लावलं, दोन अर्धआयुष्यं वेगळी करायचा प्रयत्न केला, हवामान खात्याच्या वाऱ्याशी ताडून बघितलं, तर तो न्यूक्लियर फिजिक्सचा सगळा पेपर होतो की नाही? आणि पीडीएफ मिळणार नाही, कारण यंदाचा पाऊस यंदाच पडणार.

असंच मांडवीचं. भरती-ओहोटी साधारण १२ तास २५ मिनिटांनी फिरते, पण पणजीच्या जेटीवर भरती आली की ती वर आमोण्याला, साखळीकडे किती वेळानं पोचते, पावसाळ्यात नदीला पूर असला की तो वेळ बदलतो का? एक प्रेशर सेन्सर इथे, एक तिथे, महिनाभर ठेवा आणि फूरिये ट्रान्सफॉर्म काढा, म्हणजे एकत्र मिसळलेल्या लाटा वेगळ्या करायचं गणित. मॅथेमॅटिकल फिजिक्सला जो फूरिये आपण पाठ करून लिहितो तो फेरीबोटीच्या धक्क्यावर बसून दिसेल.

आणि हे विचारायला माणसं शोधत फिरायला नको. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, स्थापना १९६६ ची, ताळगावच्या पठारावरच्या युनिव्हर्सिटीपासून स्कूटरनं दहा मिनिटं. वास्कोला सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे, तिथली माणसं अंटार्क्टिकाला मैत्री आणि भारती या आपल्या तळांवर जाऊन येतात. पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ मध्ये निघाली तीसुद्धा गोव्यातूनच. एवढ्याशा राज्यात एवढी मोजमाप करणारी माणसं देशात फार ठिकाणी नसतील. काही पोरं तिथे प्रोजेक्टला जातातच, पण हे एखाददुसऱ्या हुशार पोराचं राहू नये, शेवटच्या सेमिस्टरचा नियमच असावा, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना पाहुणे म्हणून शाल-श्रीफळ द्यायला बोलावण्यापेक्षा व्हायवाला बोलवा. त्यांना आकडा चुकलेला आवडतो, त्यांचं पोट त्यावर चालतं.

दुसरं मागणं जर्नलचं. फेअर जर्नल बंदच करा. एक शिवलेली वही, पानांना नंबर, पेननं लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारायची पण खालचं वाचता आलं पाहिजे, आणि लॅब सुटताना त्याच दिवशी सही. चार दिवसांनी घरून सुंदर अक्षरात लिहून आणलेल्या जर्नलला शून्य. मार्क आकड्याला नकोत, आकडा वेगळा का आला याच्या उत्तराला हवेत. आणि पीएच.डी.ला कोर्सवर्कच्या शेवटी एमसीक्यूच्या जागी तासभर खडू हातात देऊन फळ्यापुढे उभं करा, तीन मास्तर समोर, एक प्रश्न द्या जो कुणी आधी दिलेला नाही. पहिल्या वर्षी सगळे घाबरतील, मास्तरसुद्धा.

हे बोलल्यावर माझे कॉलेजातले मित्र म्हणतात तुला काय जातंय बोलायला. खरंय. निम्मे शिक्षक लेक्चर बेसिसवर, पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे त्यांना माहीत नाही, ते कशाला उत्तर माहीत नसलेलं प्रॅक्टिकल लावतील, रिझल्ट कमी लागला तर त्यांच्याच अंगावर यायचं. लॅब अटेंडंटच्या जागा रिकाम्या. वर कॉलेजाला ग्रेड देणाऱ्या नॅकची फाइल. हे सगळं मान्य, आणि जागा कायमच्या भरल्याशिवाय मी म्हणतो त्यातलं निम्मं होणार नाही हेही मान्य. पण वही बदलायला पैसे लागत नाहीत. आणि आता एका वर्षाचं एम.एस्सी. आलं की लॅबला जेमतेम एक-दोन सेमिस्टर मिळतील, तेवढ्यात वीस प्रॅक्टिकल उरकायची की चारच, पण खरी करायची, हे आत्ता सिलॅबस ठरतोय तेव्हाच ठरवावं लागेल. एकदा छापला की बरीच वर्षं हात लावता येत नाही.

माझं जर्नल अजून कपाटात आहे. ०.६८ च्या पानाच्या मागे पेन्सिलीनं लिहून पुसलेलं ०.७७ उजेडात तिरपं धरलं की दिसतं. कुठल्या डिपार्टमेंटला पोरांना दाखवायला पाहिजे असेल तर घेऊन येतो, साखळीहून पणजीला कदंबा बस आहेच.

आपला,
एक रिटायर फिजिक्स मास्तर,
साखळी

ता.क. लॅबवाल्यांना एक विनंती, पावसाळ्यात स्पेक्ट्रोमीटरच्या लेन्सा नुसत्या लाकडी कपाटात ठेवू नका, गोव्याच्या दमट हवेत गणेश चवथीपर्यंत त्यांना बुरशी धरतेच. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरा. बँड गॅपचा ओव्हन त्या कामाला चालणार नाही, फार लहान असतो.